तिळातिळानं सरकलेला सण

आमचं जुनं घर दक्षिणमुखी होतं. दक्षिणेला तोंड असलेल्या घराला आमच्याकडं नावं ठेवतात. सोयरीक जुळवायला आलेली माणसंसुद्धा अंगणात जरा घुटमळायची. आजीला मात्र त्या घराचं भारी कौतुक. म्हणायची, "थंडीत पडवीत ऊन येतंय, उन्हाळ्यात सावली पडती. आजून काय पायजे?"

दिवाळीत दुपारचं ऊन पडवीच्या मध्यावर असायचं. तिथून ते रोज दोऱ्याएवढं आत सरकायचं आणि मार्गशीर्ष सरता सरता भिंतीकडच्या जात्याला येऊन टेकायचं. मग आजी त्या जागी शेणाचं एक बोट ओढून ठेवायची. पाच-सहा दिवस ऊन त्या रेघेवर मुक्कामाला असल्यागत थांबायचं. नंतर रेघ उघडी पडायला लागायची. "फिरलं बया ऊन," असं म्हणत आजी कामाला लागायची. तिला अक्षरओळख नव्हती. उत्तरायण हा शब्द तिनं कीर्तनात ऐकला असेल, भीष्माच्या गोष्टीत. पण ऊन कुठवर येतं आणि कुठून परत फिरतं, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी संक्रांत यायची. तोवर ऊन रेघेपासून चार-पाच बोटं मागं गेलेलं असायचं. आणि त्या दिवशी सगळ्या बाया म्हणायच्या, आजपासून दिवस तिळातिळानं वाढणार. आठ-नऊ वर्षांचा असेन मी. आजीला विचारलं, "आजी, ऊन तर कवाच माघारी गेलं. मग दिस आजपास्नं कसा वाढंल?"

आजी भोगीची भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "उनाला कुठं पंचांग वाचता येतंय?"

हसण्यावारी गेलं ते. पण तो तीन आठवड्यांचा फरक माझ्या डोक्यातून गेला नाही. शाळेत गेला नाही, कारखान्यात गेला नाही. पुढं वाचायला सवड मिळाली तेव्हा कळलं की आजीच्या उत्तरात बरंच तथ्य होतं.

ऊन जात्याला टेकायचं तो दिवस म्हणजे २१ किंवा २२ डिसेंबर. त्या दिवशी सूर्य दक्षिणेकडं जास्तीत जास्त गेलेला असतो आणि तिथून उत्तरेकडं वळतो. आपल्याकडचा सगळ्यांत लहान दिवस तोच. पुणे जिल्ह्यात तो साधारण अकरा तासांचा भरतो. म्हणजे खरं उत्तरायण डिसेंबरातच सुरू होतं. मकरसंक्रांत वेगळी. ताऱ्यांच्या हिशोबानं सूर्य मकर राशीत शिरतो तो क्षण म्हणजे संक्रांत. एकेकाळी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी व्हायच्या. शाळेच्या भूगोलात दक्षिणेकडच्या त्या रेषेला मकरवृत्त म्हणतात ते त्याच काळाची खूण धरून. सूर्य आज त्या रेषेवर पोहोचतो तेव्हा तो ताऱ्यांच्या हिशोबानं मकरेत नसतोच, धनु राशीत असतो. धुंधुरमास चाललेला असतो. पहाटे उठून बाजरीची भाकरी, लोणी आणि खिचडी खायचा तो महिना. वर्षातला सगळ्यांत लहान दिवस त्या महिन्याच्या पोटात असतो.

हा फरक पडला कसा? भोवरा फिरता फिरता मंदावला की त्याची मान गोल हलायला लागते. पृथ्वीची मान तशीच हलते, फक्त फार संथ. एक फेरा पुरा व्हायला जवळजवळ २६,००० वर्षं लागतात. त्यामुळं ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंवरून मोजलेल्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं निघतं. वीस मिनिटं म्हणजे चहा पिऊन होईस्तोवरचा वेळ. पण ती साठत जातात आणि ७२ वर्षांत एक दिवस होतो. आजा, बाप, नातू अशा तीन पिढ्यांत एक दिवस. कुणाच्याच ध्यानात येत नाही. उत्तरायण आणि मकरसंक्रांत एका दिवशी होती त्याला साधारण सतराशे वर्षं झाली. तेवढ्या काळात दोघांत तेवीस दिवसांचं अंतर पडलं.

आम्हाला शाळेत गुरुजी पानिपत शिकवायचे. १४ जानेवारी १७६१. ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असं सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा, आणि आमचेही डोळे भरून यायचे. लढाईची तारीख बरोबर आहे. पण त्या साली संक्रांत १४ जानेवारीला नव्हती. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो मकरसंक्रांतीचा दिवस होता. तिथून शंभर वर्षं मागं गेलं की संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे पानिपतावर उपाशी लष्करानं भाऊसाहेबांच्या मागं अखेरची चाल केली तेव्हा सण होऊन चार दिवस झाले होते. आपण आपल्या काळातली संक्रांत उचलून त्यांच्या काळात नेऊन ठेवली. गुरुजींना मी हे सांगू शकलो नाही. सांगितलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, असं आजही वाटतं.

आपल्या हयातीतही थोडा फरक दिसतोच. सूर्य मकरेत शिरायची वेळ दरवर्षी सहा तास नऊ मिनिटांनी पुढं जाते. लीप वर्ष ते तास परत ओढून घेतं, मिनिटं मात्र उरतात. म्हणून १४ ला येणारी संक्रांत आता अधूनमधून १५ ला येते. २०२४ मध्ये ती १५ लाच होती. ती अशीच चालत राहिली तर आणखी दोन हजार वर्षांनी फेब्रुवारीच्या मध्याला जाईल.

तर मग हा सण नेमका किती जुना? राशींची नावं वेदांत नाहीत. तिथं नक्षत्रं आहेत. मेष, वृषभ, मकर हा बारा राशींचा हिशोब ग्रीकांशी संबंध आल्यानंतर इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत आपल्याकडं रुजला. त्यामुळं 'मकरसंक्रांत' हे नाव त्याच्या मागं जाऊ शकत नाही. पण सूर्य वळल्याचा दिवस पाळणं त्याहून कितीतरी जुनं. वेदांग ज्योतिष नावाचा लहानसा ग्रंथ आहे. त्यात पाच वर्षांचं युग धरलेलं आहे आणि त्याची सुरुवात माघ शुद्ध प्रतिपदेला, सूर्य-चंद्र धनिष्ठा नक्षत्रात असताना, उत्तरायणाबरोबर होते. नक्षत्रांच्या त्या जागेवरून तो काळ तीन हजार वर्षांच्या मागचा ठरतो. असले हिशोब मराठीत मांडणाऱ्यांत पहिलं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं. मुरूडचा हा माणूस पेशानं मास्तर. त्यांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' १८९६ मध्ये निघालं. त्याच्या तीनच वर्षं आधी लोकमान्य टिळकांनी मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ काढणारं पुस्तक इंग्रजीत लिहिलं होतं. आकाशाच्या सरकण्यावरून इतिहास मोजायचा, हा नाद त्या काळात पुण्यातल्या विद्वानांना चांगलाच लागला होता.

माघ शुद्ध पक्ष म्हटल्यावर मला आमच्या अंगणातली एक गोष्ट आठवली. आमच्या बाया संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करतात. रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी. त्या दिवशी आजी अंगणात पूर्वेकडं तोंड करून गोवऱ्या पेटवायची, मातीच्या बोळक्यात दूध ठेवायची आणि ते उतू जाऊ द्यायची. एरवी दुधाचा एक थेंब सांडला तर धपाटा बसायचा, त्या दिवशी मात्र मुद्दाम उतू घालवायचं. दुसऱ्याच दिवशी भीष्माष्टमी. उत्तरायणाची वाट बघत शरपंजरी पडलेल्या भीष्मानं प्राण सोडला तो दिवस माघात धरलेला आहे, पौषात नाही. उत्तरायण माघाबरोबर सुरू व्हायचं त्या जुन्या काळाची ही उरलेली निशाणी आहे, असं मानायला जागा आहे. एकाच सणाच्या दोन वेगळ्या काळांतल्या तारखा. नवी तारीख आली म्हणून जुनी कुणी टाकून दिली नाही. बायांनी मधले दिवस हळदीकुंकवानं भरून काढले.

आणखी एक तारीख आहे, ती कुणी पाळत नाही. पंचांगांचे घोळ मिटवायला सरकारनं १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्या सांगण्यावरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यात १ पौष म्हणजे २२ डिसेंबर, नेमका आजीच्या रेघेचा दिवस. आकाशवाणीच्या बातम्यांआधी 'भारतीय सौर १ पौष' असं निवेदक म्हणायचे तेव्हा आमच्या घरात कुणाचं लक्ष नसायचं. आजी पडवीत बसून तोच दिवस जात्याजवळ खुणेनं लावत असायची. रेडिओ आणि आजी एकच गोष्ट सांगत होते, पण दोघांची गाठ कधी पडली नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर माझ्यापुढं नवाच प्रश्न उभा राहिला. आकाशातलं मूळ कारण तेवीस दिवस मागं राहिलं, तरी सणाला उणेपण का आलं नाही? आजीला, आईला, गावातल्या एकाही बाईला तो दिवस चुकलेला का वाटला नाही?

याचं उत्तर सुगडात होतं.

संक्रांतीच्या आधी आठ दिवस कुंभार सुगडं आणून द्यायचा. काळी, कुठं तांबडी, तोंडाला अरुंद, पोटात फुगीर. पैशाचा व्यवहार नव्हता, खळ्यावर त्याचं बलुतं ठरलेलं असायचं. सुगड हा शब्द सुघट या शब्दावरून आला असं म्हणतात. आई सुगडांना हळदीकुंकवाची बोटं ओढायची, गळ्याला दोरा बांधायची आणि भरायला घ्यायची. हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा, पावट्याच्या शेंगा, बोरं, वर तीळ आणि गूळ. सगळं आमच्याच शिवारातलं. ऊस आमचा नसला तर चुलत्याचा, बोरं बांधावरची. त्या टोपल्याकडं बघितलं की पौषात आमच्या रानात काय काय उभं आहे ते शहरातल्या माणसालाही कळलं असतं.

भोगीची भाजी तशीच. वांगं, गाजर, पावटा, घेवडा, हिरवा हरभरा, शेंगदाणे, बोरं, सगळं एका भांड्यात, तिळाचं कूट घालून. बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं म्हणत आजी आम्हाला वाढायची. थंडीत अंगाला तेल लागतं, ऊब लागते. तीळ आणि बाजरी दोन्ही उष्ण. खरिपाची बाजरी नुकतीच कणगीत पडलेली, रब्बीचं हिरवं नुकतंच दाण्यावर आलेलं. वर्षात हे दोन्ही एकाच ताटात येतात ते याच दिवसांत. पोथीत भीष्म होता, पंचांगात वाहनावर बसून येणारी संक्रांतदेवी होती, दुसऱ्या दिवशीच्या किंक्रांतीला किंकरासुर होता. पण सुगडात काय घालायचं ते यांच्यापैकी कुणी ठरवलं नव्हतं. ते रानानं ठरवलं. सण डिसेंबरात होता तेव्हा त्या वेळी जे तयार असेल ते सुगडात गेलं असणार, जानेवारीत आला तेव्हा आणखी भरलेले घाटे गेले. आकाश सरकत गेलं तरी भरायला हाताशी काहीतरी होतंच. सणाला खाली धरून ठेवलं होतं ते जमिनीनं.

आणि तो देण्याचा दिवस होता. राष्ट्रकूट आणि शिलाहारांच्या काळातल्या ताम्रपटांत उत्तरायण संक्रांतीच्या निमित्तानं राजांनी जमिनी दान दिल्याचे उल्लेख सापडतात. राजे गाव द्यायचे, आमच्या बाया सुगड द्यायच्या. मूठभर घाटे या घरातून त्या घरात, त्या घरातले या घरात. संध्याकाळी हिशोब केला तर कुणाकडंच जास्त उरलेलं नसायचं. आळंदीला ओवसायला गेलेल्या बाया इंद्रायणीकाठी एकमेकींची वाणं घेत असायच्या. ओळख नसायची, पाळख नसायची, तरी.

नुसतं आपल्याच सणाचं असं झालं असंही नाही. मी कामाला लागलो तेव्हा पिंपरीच्या वसाहतीत केरळातले बरेच कामगार होते. डिसेंबर लागला की त्यांच्या दारांवर कागदी चांदण्या लागायच्या. नाताळ २५ डिसेंबरलाच का, असं मी एकाला विचारलं होतं. त्याला सांगता आलं नाही. पुढं वाचलं. जूलियस सीझरनं रोमचं कॅलेंडर सुधारलं तेव्हा रोमन लोक सगळ्यांत लहान दिवस २५ डिसेंबरला धरायचे. चौथ्या शतकातल्या रोमच्या एका पंचांगात त्याच तारखेला अजिंक्य सूर्याचा जन्मदिवस नोंदलेला आहे, आणि येशूचा जन्मही. यातलं कुणाचं पाहून कुणी घेतलं यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण सीझरचं वर्षही ऋतूंपेक्षा अकरा मिनिटांनी मोठं निघालं. ती मिनिटं साठली, आणि १५८२ मध्ये पोप ग्रेगरीला दहा दिवस गाळावे लागले. तेव्हा लहान दिवस २१-२२ डिसेंबरला आला आणि नाताळ २५ लाच राहिला. त्यांचा सण तीन-चार दिवसांनी चुकला, आपला तेवीस दिवसांनी. चुकले दोघंही, आणि बिघडलं कुणाचंच नाही.

माझा पुतण्या चाकणला एका कोरियन साहेबाच्या गाडीवर आहे. तो सांगतो, २२ डिसेंबरला साहेबाच्या घरी तांबड्या बारीक दाण्यांची पेज शिजते. त्या दिवसाला ते दोंगजी म्हणतात. रात्र सगळ्यांत मोठी, म्हणून भुताखेतांना लाल रंगानं पळवून लावायचं. पुतण्यानंही वाटीभर खाल्ली. "चवळीच्या कढणासारखी लागती काका," म्हणाला. मला आजीची रेघ आठवली. कोरियातल्या कुठल्यातरी आजीनंही ती ओढली असणार.

मी १९७७ मध्ये पिंपरीच्या एका कारखान्यात लागलो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स तिथं १९५४ पासून होतं, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मोटारींचे, स्कूटरचे कारखाने आले, आणि आमच्या बाजूची पोरं पहाटे हमरस्त्यावर बसची वाट बघायला लागली. पहिली पाळी सातची. कार्ड पंच करताना मी आकाशाकडं बघायचो. पुस्तकात वाचलेलं, २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो. पण नवं वर्ष उजाडलं तरी गेटवर अंधार वाढलेलाच. मला वाटायचं, पुस्तकात तरी चूक आहे नाहीतर माझ्या डोळ्यांत.

दोन्हीकडं चूक नव्हती. दिवस वाढतो, पण घड्याळात आधी तो संध्याकाळच्या बाजूनं वाढतो. पुण्यात २२ डिसेंबरला सूर्य सातनंतर दोन-तीन मिनिटांनी उगवतो. संक्रांतीला तो सात-दहाला उगवतो, म्हणजे आणखी उशिरा. तेवढ्यात सूर्यास्त पाव तासानं लांबलेला असतो. दोन्हींची वजावट केली तर तीन आठवड्यांत दिवस वाढलेला असतो अवघी सहा मिनिटं. तीळभरच म्हणायचा. आणि सूर्योदयाचं उशिरा होत जाणं थांबतं ते आपल्याकडं जानेवारीच्या मध्याला. तिथून पुढं सकाळ लवकर यायला लागते. हा योगायोग आहे, आपल्या अक्षांशापुरताच आहे. तरी सातच्या पाळीला उभ्या असलेल्या कामगाराची सकाळ खरोखरच संक्रांतीपासून वळते. उन्हाच्या हिशोबानं चुकलेला सण कारखान्याच्या घड्याळात बरोबर ठरला. हे आजीला सांगायला हवं होतं. पण मला हे उमगलं तेव्हा ती राहिली नव्हती.

दोन हजार साल उलटल्यावर कारखाने आमच्या दारात आले. चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा घेऊन जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेवर कंटेनर उभे राहायला लागले. नोटिसा आल्या, मोजण्या झाल्या आणि आमचं हरभऱ्याचं रान गेलं. मोबदला मिळाला, नाही म्हणणार नाही. त्या पैशांत जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, मागं भाड्यानं द्यायला खोल्या काढल्या. जातं अंगणातल्या नळाखाली गेलं, त्यावर बादली ठेवतात. नवं घर पूर्वमुखी आहे, आता नाव ठेवायला जागा नाही.

त्या वर्षी संक्रांतीला आईनं सुगडं भरली नाहीत. मी बाजारातून सगळं आणलं होतं. घाटे, ओंब्या, करवे, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, संक्रांतीचा वाटा म्हणून वीस रुपयांना मिळालेलं. आईनं पिशवी बघितली आणि ओट्यावर ठेवून दिली. "इकतचं वाण व्हय? ज्यानं पिकवलं त्याचं पुण्य, आपण नुसतं हमाल," म्हणाली. पुढच्या वर्षीही तसंच. मी तिला पानिपत सांगितलं, राशी सांगितल्या, सण पूर्वीही किती हलला ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सण हालला आसंल. पर रान हाललं नव्हतं."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. सतराशे वर्षं आकाश सरकलं ते कुणाला कळलं नाही, आणि जमीन एका मोजणीत गेली ते सगळ्यांना कळलं.

तिसऱ्या वर्षी मागच्या खोलीत बिहारचं एक जोडपं राहायला आलं. तो कंपनीत कंत्राटी, ती घरी, कडेवर पोर. संक्रांतीच्या सकाळी आईनं तिला विचारलं, आज काय करणार. ती म्हणाली, "आज तो खिचडी है, माई." आईला ते लागलं. सणावाराच्या दिवशी पोरीच्या घरात नुसती खिचडी शिजते, एवढी ओढाताण! आई तडक घरात गेली, तीळ लावलेल्या भाकरी आणि वाडगंभर भाजी घेऊन तिच्या दारात उभी राहिली. ती हसायला लागली. तिच्याकडं त्या सणालाच खिचडी म्हणतात. तिनं आत बोलावून ताटली पुढं केली. दही, पोहे, गूळ आणि गावाहून आलेलं तिळकूट. आईनं तिळकूट तोंडात टाकलं, जरा चावलं आणि म्हणाली, "आगं, ह्ये तर तीळच की!"

मग आई मला म्हणाली, "हिला सुगड द्यायला पायजे. पयलीच संक्रांत हाये हिची आपल्या दारात." पिशवीतलं सामान ओट्यावरच पडलं होतं. आईनं ते उघडलं, एकेक घाटा निवडून बघितला. सुगडं नव्हती, स्टीलच्या पेल्यात वाण भरलं. पेल्याला दोरा बांधला.

त्याच पावसाळ्याच्या अखेरीस आईनं मला रंगाचे रिकामे डबे आणायला लावले, पाच. बुडाला भोकं पाडून घेतली, धरणाच्या गाळाची माती भरली आणि गच्चीवर दक्षिणेच्या कठड्याशी मांडून ठेवले. दिवाळीआधी त्यात हरभरा टोचला. बाकीचं सगळं इकत आणू, म्हणाली, ऊस आण, गाजर आण, बोरं आण, पण सुगडात पाच घाटे तरी आपल्या हातचे पाहिजेत. पौषात दुपारी मी गच्चीवर गेलो तर कठड्याची सावली डब्यांवरून सरकत होती आणि आई तिच्यामागं एकेक डबा उन्हात ओढत होती.